तिनं विचारलं होतं

तुम्ही काय करता, असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी 'दवाखान्यात नोकरी' एवढंच सांगायची. समुपदेशक हा शब्द तेव्हा नाशकात फारसा कुणाला ठाऊक नव्हता आणि मला तो सांगत बसायची हौस नव्हती. सत्तरच्या दशकाच्या मध्याला मुंबईहून समाजकार्याचं शिक्षण संपवून मी परत आले. सकाळी एका दवाखान्याच्या मानसोपचार विभागात बसायची. येणारे बहुतेक दारूचे पेशंट आणि त्यांना धरून आणणाऱ्या त्यांच्या बायका. ऐंशीनंतर हळूहळू कॉलेजच्या वयाची मुलं यायला लागली. आधी गांजा, झोपेच्या गोळ्या, मग गर्द. मुलगा असला तर आईबाप उघडपणे घेऊन यायचे. मुलगा संगतीनं बिघडला, असं म्हणायची सोय होती. मुलगी असली तर तिच्या लग्नाचं काय, हा प्रश्न तिच्या आधी खोलीत शिरायचा.

म्हणून मुलींसाठी मी दुपारची वेगळी जागा शोधली. एका महिला मंडळाच्या वरच्या मजल्यावर शिवणक्लास चालायचा. मोठी खोली, मधे पडदा. पुढे शिवणबाईंचा क्लास, मागे एक जुनं मशीन आणि मी. दवाखान्यात जाते म्हटलं की गल्ली विचारते कशाला. शिवणक्लासला जाते म्हटलं की कुणी विचारत नाही. शिवाय मशीनच्या आवाजात बोलणं पडद्यापलीकडे जायचं नाही. आणि समोरासमोर खुर्च्या मांडून बसलेली मुलगी जे बोलत नाही ते हात कामात असले की बोलते, हे मला अनुभवानं कळलं होतं. मी त्यांना टाकाऊ कापडाच्या पट्ट्यांवर सरळ टिपा घालायला बसवायची.

ही मुलगी तिथेच आली. सतरा वर्षांची, बारावीत नापास झालेली. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा होता, झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. तिची आई पहाटे फुलं घेऊन बाजारात बसायची आणि दुपारी मुलीला घेऊन माझ्याकडे यायची. पहिल्या दिवशी मुलगी एक शब्द बोलली नाही. सगळं आईनंच सांगितलं.

"दहावीला असताना लय खोकायची. डॉक्टरनं औषध दिलं. खोकला गेला, औषध नाय गेलं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या जावेला तेल न्यायला बाटली पायजे होती. हिला म्हणलं, बघ गं एखादी. तर हिनं माळ्यावरून सात-आठ काढल्या. सगळ्या एकाच औषधाच्या. धुऊन, पुसून, लेबलं काढून ठेवलेल्या." मग म्हणाली, "तशी पोरगी स्वच्छ हाय माझी."

हसू येण्यासारखं होतं, पण मुलीनं मान वर केली नाही.

त्या औषधात अफूचा अंश असायचा आणि ते दुकानात सहज मिळायचं. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर तिचं प्रमाण थोडं थोडं कमी करत होते. अंग मोडून येणं, नाक वाहणं, रात्रभर कूस बदलणं, हे सगळं त्यांच्या वाट्याचं. माझ्या वाट्याला मुलगी होती.

आईला मी बाहेर बसायला सांगितलं. ती पडद्यापर्यंतच गेली. "मी हितंच हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "इथे नाही, खाली पायरीवर बसा." ती गेली, पण जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची पोर विकत घेतली आहे.

मुलीला मी नियम सांगितला. इथे जे बोलशील ते इथेच राहील. आईला, बाबांना, कुणाला जाणार नाही. तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा? तिच्या घरात, माझ्याही घरात, लहानांनी मोठ्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पोचलेली असायची.

पुढच्या खेपेला तिनं टीप घालता घालता सांगितलं, "ताई, मी आईचा चांदीचा करंडा विकला. औषधासाठी."

मी म्हटलं, "बरं. विकताना काय वाटलं?"

ती काहीतरी पुटपुटली. आठवड्यानं आई आली, नेहमीसारखी शेवंतीची वेणी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "काय म्हणती?" मी म्हटलं, "तिला विचारा, ती सांगेल तेवढं." आई चिडून पायरीवर जाऊन बसली. त्या दिवशी मुलगी पहिल्यांदा हसली.

"करंडा घरातच आहे, ताई. मी बघत होते तुम्ही सांगता का."

"पास झाले?"

"झालात," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून बोलायला लागली.

बोलायला लागली की थांबायची नाही. औषध घेतलं की डोक्यातला गोंगाट बसतो, कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं वाटतं. नापास होण्याच्या आधीच ती नापास व्हायची भीती औषधात बुडवत होती. बाबा मारत नाहीत, रागावत नाहीत, नुसते बोलायचे थांबतात, त्यापेक्षा मारलेलं परवडलं. दुकानदाराला ती आजीचं नाव सांगायची, आजी वारून दोन वर्षं झाली होती. मी ऐकायची. पट्ट्या वाढत जायच्या. वर्ष होत आलं तेव्हा तिचं औषध पूर्ण बंद झालेलं होतं आणि ती पुन्हा बारावीला बसायचं म्हणत होती.

शिवणबाईंना सगळं अर्धवट ठाऊक होतं. त्या एकदा मला म्हणाल्या, "तुमची ही पोरगी वर्षभर माझ्या मशीनवर बसते आणि तिला अजून बाही लावता येत नाही. तुम्ही नेमकं शिकवता काय हो?"

मी म्हटलं, "सरळ जायला."

"मग सरळ जाऊ दे. दोरा तरी स्वतःचा आणा."

हे असं चाललं होतं आणि स्थळ आलं. लासलगावचं घर. मुलगा कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कामाला, वडील नाहीत, आई आणि एक आत्या. मुलीच्या आईला स्थळ पसंत होतं. मुलीलाही मुलगा आवडला होता, हे मला तिच्या टिपा वाकड्या यायला लागल्या तेव्हा कळलं.

आमच्याकडे स्थळ ठरवायच्या आधी चौकशी होते. शेजारी, शाळेच्या बाई, किराणा दुकानदार, ज्यांच्याशी मुलीचा संबंध असेल त्यांच्याकडे कुणीतरी सहज म्हणून जाऊन येतं. या मुलीचा संबंध शिवणक्लासशी होता. तेव्हा मुलाची आत्या शिवणक्लासला आली. ठुसठुशीत बाई, पदर खोचलेला, जिना चढून धाप लागलेली तरी बोलणं थांबलं नव्हतं.

"मुलगी वर्षभर येते म्हणे इथं. मग म्हटलं, माझंच एक ब्लाउज शिवून घेऊ. कापड आणलंय. माप या जुन्यावरून घ्या. मला काखेत काचतं ते चालत नाही."

शिवणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कापड घेतलं. शिवणबाई म्हणाल्या, "आठ दिवसांनी या." मी आत्याबाईंना चहा विचारला. त्या बसल्या. मुलगी कशी, शांत आहे का, उलट बोलते का, सगळं विचारून झालं. मी खोटं एकही बोलले नाही. शांत आहे, कष्टाळू आहे, सांगितलेलं लक्षात ठेवते. सगळं खरं होतं. फक्त मी कोण आणि ती माझ्याकडे कशाला येते एवढंच मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतं, तिचं होतं. या बाबतीत मी आजही तेच करेन.

आत्याबाईंना घेऊन आलेला मुलगा खाली उभा होता. मी त्यालाही चहा पाठवला. थोड्या वेळानं तो रिकामा कप-बशी घेऊन स्वतः वर आला आणि दारातून म्हणाला, "हे कुठं धुऊ?" आत्याबाई म्हणाल्या, "अरे ठेव तिथं, बायका आहेत इतक्या." त्यानं कोपऱ्यातल्या मोरीत कप विसळून पालथा ठेवला. मी ते बघितलं आणि विसरले.

ब्लाउज शिवणबाईंनी शिवलं, कुरकुर करत. हुक लावायचं काम मुलीला दिलं. तेवढं तिनं मन लावून केलं. पडद्यामागे, माझ्यासमोर बसून, मशीन बंद ठेवून. म्हणून खोलीत शांत होतं. पुढे क्लासच्या मुली गेलेल्या होत्या.

तिसरं का चौथं हुक लावताना तिनं मान खालीच ठेवून विचारलं, "ताई, त्यांना सांगू का?"

"कुणाला?"

"त्यांना. मुलाला. औषधाचं. आई म्हणते, तोंड उघडायचं नाही. पण मला वाटतं सांगावं. नंतर कळलं तर? तुम्ही सांगा, सांगू का?"

इथे मला माझ्या शिक्षणाबद्दल थोडं सांगायला हवं. मुंबईला आम्हाला शिकवणाऱ्या बाई फार कडक होत्या. आमच्या मुलाखतींवर त्या एकच प्रश्न विचारायच्या: उत्तर कुणी दिलं, तू की पेशंटनं? आपण दिलं असलं की झालं. पेशंटचा निर्णय पेशंटनं घ्यायचा, आपण फक्त त्याला त्याच्या निर्णयापर्यंत चालत न्यायचं, हात धरून ओढायचं नाही. पेशंटनं सल्ला मागितला तर प्रश्न त्याच्याच हातात परत द्यायचा, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, ते शिका, असं त्या म्हणायच्या. मी ते चांगलं शिकले होते. वर्षभर या मुलीबरोबर ते उपयोगीही पडलं होतं. तिच्या आयुष्यात न विचारता सल्ला देणारे पुष्कळ होते, तसं न करणारी मी एकटीच होते.

म्हणून मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मी सांगितलं ना काय वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

मी गप्प बसले.

ती माझ्याकडे बघत राहिली. बऱ्यापैकी वेळ. मग तिनं दोरा दातानं तोडला, पुढचं हुक घेतलं आणि म्हणाली, "बरं."

मला वाटलं, ती विचार करते आहे. छान चाललं आहे. त्या दिवशी दवाखान्याच्या कागदावर मी तसंच काहीतरी लिहिलंही असेन.

लग्न झालं. मी गेले होते, जेवून आले. आत्याबाईंनी मला तेच ब्लाउज घातलेलं दाखवलं. "काखेत अजिबात काचत नाही," म्हणाल्या. निघताना मुलीनं नमस्कार केला. तिचं माझ्याकडे येणं तिथेच संपलं. लग्न झालेली मुलगी शिवणक्लासला कशाला जाईल? शिवाय ती तर शिवण शिकलेली मुलगी होती. बंद झालेलं औषध बंदच राहावं म्हणून निदान वर्षभर भेटत राहायला हवं, हे मला कळत होतं. पण लासलगावच्या घरात ते कुठल्या नावाखाली करणार, हे मी कुणाशी बोलले नाही. कुणाशी बोलणार?

ती पुन्हा आली ती पहिल्या दिवाळीत. जावई दिवाळसणाला आला होता, घरात पाहुण्यांची गर्दी, तेवढ्यात ब्लाउजची हुकं तुटली असं सांगून ती निसटून आली. शिवणबाईंनी पडदा बाजूला करून तिला आत सोडलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला कळलं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आमचं घर मार्केटच्या अंगाला आहे. हंगामात कांद्याची फोलपटं आणि धूळ घरभर. सगळेच खोकतात. मी पण. सासूबाईंनी डॉक्टरला घरी बोलावलं. त्यानं तेच दिलं."

"नको म्हणायचं."

"म्हटलं. त्या म्हणाल्या, औषधाला नाही म्हणतात का कधी? कारण काय? मी काय सांगू कारण? त्यांनी स्वतः चमच्यानं पाजलं, ताई. डोक्यावरून हात फिरवून. माझ्या आईनं सुद्धा कधी तसं पाजलं नव्हतं." "आता बाटली फळीवर असते. संपली की त्याच आठवणीनं आणतात. सून खोकते म्हणून."

मशीन बंद होतं, हातात पट्टी नव्हती, ती हातातल्या बांगड्या मागेपुढे करत होती. मी विचारलं, "नवऱ्याला काही बोललीस?"

"आता कसं बोलणार? आता बोलले तर फसवलं म्हणतील." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, रागानं नाही, "तेव्हाच बोलायचं होतं. पण तुम्ही नको म्हणालात."

"मी नको म्हणाले नव्हते."

"तुम्ही गप्प बसलात."

"म्हणजे नको असं नव्हतं ते. ते तुझ्यावर सोडलं होतं मी."

तिला खरंच कळेना. "पण ताई, मोठं माणूस गप्प बसलं म्हणजे नकोच असतं ना. बाबांचं तसंच आहे. तुम्हाला हो म्हणायचं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात."

तिचं बरोबर होतं, आणि हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुंबईला शिकायला जाऊ का, असं मी माझ्या वडिलांना विचारलं होतं तेव्हा ते पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि वाचत राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, नाही म्हणाले. आईनं मध्यस्थी केली म्हणून मी गेले. तिथे जाऊन गप्प बसायला शिकले आणि ते घेऊन परत त्याच गावात आले, जिथे गप्प बसण्याचा एकच अर्थ होतो. या मुलीनं वर्षभरात मला एकच प्रश्न सरळ विचारला होता. बाकी सगळं ती सांगायची. हा एक तिनं विचारला होता, आणि उत्तर तिच्याजवळ तयार होतं. तिला फक्त एक मोठी बाई पाठीशी हवी होती. एक 'हो' पुरला असता.

मी म्हटलं, "मग आता ऐक. सांग. आजच सांग. मी येते बरोबर."

"तुम्ही नको," ती लगेच म्हणाली. "तुम्हाला बघून त्यांना आत्याचं ब्लाउज आठवेल."

ती गेली. पुढचं मला तिच्या आईकडून कळलं. पाडवा झाल्यावर आई आली. या वेळी फुलं आणली नव्हती. पायरीवर बसल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली.

"सांगितलं तिनं. समदं सांगितलं. मी म्हणलं, संपलं, आता सोडून जातोय. रातभर बसला गच्चीवर. सकाळी खाली आला, मला म्हणला, तुम्ही आई, तुम्ही लपवलं, मी समजू शकतो."

"आणि?"

"औषध प्यायली त्याचं काय नाय, म्हणला. आजारी माणूस औषध पितं. पण त्या क्लासच्या बाईंनी आमच्या आत्याला चहा पाजला आन् शिवलेलं ब्लाउज हातात दिलं. मला पण चहा दिला. त्यांच्याकडं पुन्हा जायचं नाय." ती माझ्याकडे बघेना. "तो तिला दुसऱ्या डॉक्टरकडं नेतो म्हणला. मी काय बोलू, बाई? तुमचे उपकार हायेत. पण जावयाचा शब्द."

मी म्हटलं, "बरोबर आहे त्याचं. त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नका." तेवढं उत्तर मात्र मी ताबडतोब दिलं.

त्यानंतर मुलींशी मी थोडी वेगळी वागायला लागले. मोठ्या सुधारणा वगैरे नाही. कुणी सरळ विचारलं तर, 'मला असं वाटतं, पण ठरवायचं तू,' एवढं वाक्य म्हणायला लागले. मुंबईच्या बाईंनी ते खोडलं असतं. शिवणक्लासचा पडदा मी ठेवला, कारण पडद्याशिवाय त्या मुली आल्याच नसत्या. पण लग्न ठरलं की त्या मुलीशी आणि मुलीच्या आईशी एकदा समोरासमोर बोलायचं, हे पक्कं केलं. दोन मुलींना ते उपयोगी पडलं, तिसरीची आई उठून गेली. या मुलीला त्याचा काही उपयोग नव्हता.

चार-पाच वर्षांनी मी सिन्नरला एका शाळेत बोलायला निघाले होते. बसस्टँडवर गर्दी होती. लासलगावच्या फलाटावर मला ती दिसली. अंगानं भरलेली, डोळे स्वच्छ. शेजारी तो, त्याच्या कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. मुलगी खोकत होती, लहान मुलं खोकतात तशी, सगळं अंग हलवून. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "अगं, औषध द्या की पोरीला. समोर दुकान हाय."

तो म्हणाला, "आम्ही बाटलीतलं नाही देत, आजी." आणि शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली ज्येष्ठमधाची कांडी काढून त्यानं मुलीच्या हातात दिली. मुलगी चोखायला लागली. त्यानं रुमाल घडी करून परत खिशात ठेवला. रोजची सवय असावी तसा.

म्हणजे त्याला सांगता आलं असतं. लग्नाआधी, ब्लाउज हातात द्यायच्या आधी, हुक लावता लावता विचारलं तेव्हाच. त्यानं कप विसळून पालथा ठेवला तेव्हा मी ते बघितलंही होतं. मधला तो उन्हाळा, ते चमच्यानं पाजणं, फळीवरची बाटली, यातलं काहीही व्हायची गरज नव्हती. आणि ती बरी झाली होती, चांगली बरी झाली होती, माझ्याशिवाय.

तिनं मला बघितलं. मी हात उचलला नाही. तिनं नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि मुलीचं झबलं सारखं करायला लागली. झबल्याची बाही घरी शिवलेली दिसत होती, थोडी ओढलेली, पण नीट लागलेली. मग सिन्नरची गाडी लागली आणि मी जागा पकडायला पळाले.